चालण्याचें मोजमाप

संध्याकाळीं आपण घरांत बसलेले असतों. जिन्यावर पाऊल वाजतें, आणि दार उघडण्यापूर्वींच आपण म्हणतों, "दादा आला." रस्त्यानें दूर कोणी जात असला, त्याचें तोंड दिसत नसलें, तरी तो कोण हें आपण त्याच्या चालीवरून ओळखतों. कोणी डुलत चालतो, कोणी पाय ओढीत चालतो, कोणी टांचेवर जोर देऊन चालतो. मनुष्याचें अक्षर जसें त्याचें स्वतःचें, तशी त्याची चालहि त्याची स्वतःची असते. परंतु गंमत अशी कीं, जी चाल आपण इतक्या सहज ओळखतों, तिचें नेमकें वर्णन करावयास कोणीं सांगितलें तर आपली जीभ अडखळते. गुडघा किती वांकला? केव्हां वांकला? मांडी आंत वळली कीं बाहेर? नुसत्या डोळ्याला या प्रश्नांचीं उत्तरें देतां येत नाहींत. एक टांच जमिनीला लागल्यापासून तीच टांच पुन्हां लागेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो, आणि तेवढ्यांत कंबर, मांडी, गुडघा व घोटा यांच्या कितीतरी हालचाली एकदम होऊन जातात.

या हालचाली मोजण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. तिच्यासंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. तिचीं यंत्रें किती सूक्ष्म आहेत याचें नुसतें कौतुक करावें असा माझा हेतु नाहीं. मला सांगावयाचें आहे तें थोडें निराळें आहे. इतकीं सूक्ष्म यंत्रें असूनहि त्यांना हाड दिसत नाहीं. त्यांना दिसते ती कातडीवर लावलेली खूण. आणि ती खूण कोठें लावावयाची हें मनुष्याचें बोट ठरवितें.

हें मोजमाप कशासाठीं, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. जन्माच्या सुमारास किंवा अगदीं लहानपणीं मेंदूला इजा पोहोंचल्यामुळें ज्यांचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाहीं, अशीं कांहीं मुलें असतात. सेरेब्रल पाल्सी हें त्या विकाराचें नांव. यांतील पुष्कळ मुलें चालतात; पण कोणी गुडघे वांकवून, कोणी चवड्यांवर, तर कोणी पावलें आंत वळवून. समजा, एका मुलीचीं पावलें अशीं आंत वळलेलीं आहेत. हा दोष मांडीच्या हाडाचा, नडगीचा, पावलाचा, कीं कंबरच एका बाजूस फिरलेली आहे म्हणून तसें दिसतें? मांडीच्या हाडाचा असेल, तर शस्त्रवैद्य तें हाड कापून, कांहीं अंश फिरवून, पुन्हां जोडूं शकतो. परंतु तें फिरवावें कीं नाहीं, आणि फिरवावयाचें तर किती, हें ठरविण्यापूर्वीं ती मुलगी चालतांना मांडी खरोखर किती वळते हें कळलें पाहिजे. निजवून तपासलेला पाय आणि चालतांना शरीराचा भार घेतलेला पाय हे एकच नव्हेत. तेव्हां मोजणीच्या कोष्टकांतील एक आंकडा शेवटीं एका मुलीच्या हाडापर्यंत जाऊन पोहोंचतो, हें ध्यानांत ठेवून पुढील हकीकत ऐकावी.

चालीवर खूण लावण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिस येथील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-झ्यूल मारे यांनीं १८८० नंतरच्या दशकांत एका मनुष्यास नखशिखान्त काळा पोशाख घातला, त्यावर हातापायांच्या लांबीनें पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांच्या ठिकाणीं चकचकीत बटनें लाविलीं, व त्यास काळ्या पडद्यापुढून चालविलें. एकाच कांचेवर एकामागून एक अशीं छायाचित्रें घेतलीं. मनुष्य काळोखांत नाहींसा झाला; पाठीमागें राहिल्या त्या केवळ रेषा आणि ठिपके. चालणें म्हणजे कांहीं रेषांचें परस्परांशीं होणारें फिरणें, ही कल्पना त्या छायाचित्रांत प्रथम डोळ्यांपुढें स्पष्ट उभी राहिली.

मारे यांच्या छायाचित्रांत चाल एकाच बाजूनें दिसत असे. ती लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही दिशांनीं मोजण्याचें काम जर्मनींत लाइप्झिग येथें विल्हेल्म ब्राउने आणि ओटो फिशर यांनीं १८९१ सालीं केलें. ब्राउने हे शरीररचनेचे पंडित, तर फिशर हे गणिती. विरळ वायु भरलेल्या कांचेच्या ज्या नळ्या विजेच्या प्रवाहानें उजळतात, तशा ११ नळ्या त्यांनीं एका मनुष्याच्या अंगावर बांधल्या. प्रवाह सेकंदाला सुमारें २६ वेळां तोडला जाई, आणि तितक्या वेळां नळ्या लुकलुकत. चार कॅमेरे चार जागांवरून पाहत होते. प्रत्यक्ष चालणें थोडक्या वेळांत संपलें. परंतु छायाचित्रें मोजून त्यांवरून गणित करण्यांत कित्येक वर्षें गेलीं. ब्राउने १८९२ सालीं वारले. फिशर यांनीं काम चालू ठेविलें, आणि त्यांच्या ग्रंथाचे भाग १८९५ पासून १९०४ पर्यंत निघत राहिले. आज संगणक जें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करतो, त्यासाठीं एका विद्वानानें उमेदीचीं इतकीं वर्षें वेंचलीं.

आतां आजच्या प्रयोगशाळेंत चलूं. एक लांबट दालन असतें. भिंतीवर वरच्या अंगास आठ-दहा कॅमेरे बसविलेले असतात. त्यांच्याभोंवतीं डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकणारे दिवे असतात. चालणाऱ्याच्या अंगावर, सामान्यतः सुपारीहून लहान, असे वाटोळे मणी चिकटवितात. या मण्यांना त्या शास्त्रांत मार्कर म्हणतात. रस्त्यावरील पाट्या मोटारीच्या दिव्यांत चमकतात त्या ज्या गुणामुळें, तोच गुण या मण्यांच्या लेपांत असतो. प्रकाश ज्या दिशेनें येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवितात. निदान दोन कॅमेऱ्यांना एक मणी दिसला म्हणजे, आपल्या दोन डोळ्यांना जसें अंतर कळतें तसें, त्या मण्याचें स्थान गणितानें निघतें. हें सेकंदाला १०० किंवा त्याहून अधिक वेळां होतें, आणि नीट जुळविलेल्या यंत्रांत स्थानाची चूक साधारणतः एक मिलिमीटरहून कमी असते.

मणी किती लावावे, यालाहि एक हिशेब आहे. एक लाकडी फळी हवेंत कशीहि धरली आहे अशी कल्पना करा. तिच्यावर एकच खिळा ठोकला, तर फळी कोठें आहे हें त्या खिळ्यावरून कळेल. पण ती उभी आहे कीं तिरपी हें कळणार नाहीं. दोन खिळे ठोकले, तर त्यांना जोडणारी रेषा कळेल. परंतु त्या रेषेभोंवतीं फळी कशी फिरली आहे हें अद्यापि कळणार नाहीं. एका ओळींत नसलेले तीन खिळे असले, म्हणजे मात्र फळीविषयीं कांहीं कळावयाचें राहत नाहीं. शरीराचें असेंच आहे. शास्त्रज्ञ पायाचे खंड पाडतात: कटिभाग, मांडी, नडगी व पाऊल. प्रत्येक खंड न वांकणारा, न ताणणारा, फळीसारखा ताठ आहे असें मानतात, आणि प्रत्येकासाठीं तीन खुणा मिळवितात. या ताठ खंडांचा सांध्यांनीं जोडलेला जो गणिती सांगाडा तयार होतो, तोच संगणकांत चालतो. चालणारा मनुष्य आणि हा सांगाडा हे दोन निराळे आहेत, ही गोष्ट मात्र क्षणभरहि विसरतां कामा नये.

दोन्ही निराळे कां, हें घरबसल्या पाहतां येईल. श्रोतेहो, उभे राहून आपल्या गुडघ्याच्या बाहेरील बाजूस बोट फिरवा. मांडीचें हाड जेथें संपतें तेथें एक उंचवटा हाताला लागेल. त्यावर शाईचा एक ठिपका द्या, आणि ठिपक्यावर बोट ठेवून गुडघा हळूहळू वांकवा. ठिपका आणि उंचवटा यांची फारकत झालेली आपणांस कळेल. हाड कातडीखालून सरकलें. ठिपका कातडीबरोबर राहिला. कॅमेरा पाहतो तो ठिपका. मांडीवर तर मांसाचा थर जाड असतो. टांच आपटली कीं तो थरथरतो, स्नायु आंवळला कीं तो फुगतो. मणी आणि त्याखालचें हाड यांत अशा वेळीं एक-दोन सेंटिमीटरांचा, कधीं त्याहूनहि अधिक, फरक पडतो. ज्या यंत्राची स्वतःची चूक एक मिलिमीटरहि नाहीं, त्याच्या मोजणींत कातडी ही अशी दसपट, वीसपट चूक आणून टाकते.

मग हाडालाच खूण लावली तर? तसेंहि करून पाहिलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत पाय गमावलेल्या सैनिकांसाठीं चांगले कृत्रिम पाय बनविण्याचें काम निघालें. कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, अस्थिवैद्य व्हर्न इनमन आणि स्थापत्यशास्त्राचे अध्यापक हॉवर्ड एबरहार्ट यांनीं तें अंगावर घेतलें. एबरहार्ट यांचा स्वतःचा एक पाय अपघातांत गेलेला होता. तेथें स्वेच्छेनें पुढें आलेल्या लोकांच्या कंबरेच्या, मांडीच्या व नडगीच्या हाडांत पोलादी खिळे बसवून त्यांना चालविण्यांत आलें, आणि पायाचे खंड स्वतःच्या लांबीभोंवतीं किती फिरतात हें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. ज्ञान मोलाचें मिळालें. परंतु दवाखान्यांत आलेल्या आजारी मुलाच्या हाडांत नुसत्या तपासणीसाठीं खिळे मारणें कोणासहि मान्य होणार नाहीं. म्हणून पुन्हां कातडीवरच यावें लागतें. आणि कातडीवर यावयाचें, तर जेथें हाड अगदीं वर आलेलें आहे, मध्यें मांस थोडें आहे, अशा जागा शोधाव्या लागतात. घोट्याचे दोन्ही उंचवटे, गुडघ्याच्या दोन्ही बाजू, टांच, पावलाच्या पुढच्या भागाचीं हाडें, आणि कंबरेच्या पुढील अंगास डावीउजवीकडे लागणारीं हाडाचीं दोन टोकें, या त्या जागा होत.

सर्वांत कठीण प्रश्न खुब्याचा. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा उखळींत फिरतो. त्या गोलाचा मध्यबिंदु पाहिजे, कारण मांडीची रेषा तेथून सुरू होते. परंतु तो मांसांत खोल दडलेला आहे; बोटाला लागत नाहीं. येथें शास्त्रज्ञ अंदाजाचें एक सूत्र वापरतात. कंबरेच्या पुढील त्या दोन टोकांमधील अंतर मोजावयाचें. आणि एका प्रसिद्ध सूत्राप्रमाणें, प्रत्येक टोकापासून त्या अंतराच्या शेंकडा १४ इतकें आंत, शेंकडा ३० इतकें खालीं व शेंकडा १९ इतकें मागें गेलें, म्हणजे खुब्याचा मध्य आला. अंतर २४ सेंटिमीटर असेल, तर सुमारें ३.४ सेंटिमीटर आंत, ७.२ खालीं आणि ४.६ मागें. सूत्र सोयीचें आहे, पण तें अनेकांची सरासरी आहे. ज्या मुलाची कंबर किंवा खुबा मुळांतच वेगळा घडला आहे, त्याला तें लागू पडेलच असें नाहीं. शिवाय पोट सुटलेलें असलें कीं, तीं पुढचीं दोन टोकें चरबीखालीं जातात, मणी पोटावर बसतो, आणि साऱ्या हिशेबाचा पायाच ढळतो. म्हणून अलीकडे निराळी युक्तिहि करतात: मनुष्यास पाय पुढें, मागें, बाजूला असा फिरवावयास सांगावयाचें, आणि मांडीवरील मण्यांचे मार्ग ज्या बिंदूभोंवतीं फिरतात तो बिंदु गणितानें काढावयाचा. ज्याचा खुबा मोकळेपणीं फिरतो त्याच्या बाबतींत ही रीत चांगली. पण ज्याचा सांधा आखडला आहे तो इतका पाय फिरवणार कसा? आणि तपासणीला येतो तो बहुधा तोच.

गुडघा त्या मानानें सोपा वाटतो. तो मुख्यतः बिजागरीचा सांधा. परंतु येथेंच सर्वांत फसवी चूक दडलेली असते. दाराची बिजागरी उभी असते म्हणून दार जमिनीला समांतर फिरतें. आतां बिजागरी तिरपी आहे असा कोणी चुकीचा समज करून घेतला, तर सरळ फिरणारें दारहि त्याच्या हिशेबांत फिरतां फिरतां वर उचललेलें किंवा खालीं झुकलेलें दिसेल. गुडघ्याची बिजागरी कोणत्या दिशेला आहे हें ठरविण्यासाठीं कित्येक ठिकाणीं त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर एकेक मणी लावतात, आणि त्यांना जोडणारी रेषा ती बिजागरी असें धरतात. गुडघ्याची रुंदी १० सेंटिमीटर धरा. एक मणी ९ मिलिमीटर पुढें आणि दुसरा ९ मिलिमीटर मागें लागला, कीं ती रेषा सुमारें १० अंशांनीं फिरली. ९ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढें अंतर! चालतांना पाय हवेंत असतो तेव्हां गुडघा सुमारें ६० अंश वांकतो. तो सरळ वांकला, तरी या चुकलेल्या रेषेमुळें आलेख दाखवील कीं तो बाजूलाहि आठ-नऊ अंश वांकला. याहून वाईट गोष्ट ही कीं, मांडी आंत किंवा बाहेर किती वळली याचा आंकडा तर जवळजवळ पुरे १० अंश चुकेल. आणि आपल्या त्या मुलीच्या बाबतींत शस्त्रवैद्याला हवा होता तो नेमका हाच आंकडा.

हें केवळ कागदावरचें भय नव्हे. एकाच मनुष्यास निरनिराळ्या दिवशीं किंवा निरनिराळ्या तपासनिसांनीं मोजलें तर उत्तरें किती जुळतात, यासंबंधींच्या पुष्कळ प्रयोगांचें समालोचन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, चूक मोजणाऱ्या बहुतेक प्रयोगांत ती पांच अंशांहून कमी होती. अपवाद होता तो खुब्याच्या व गुडघ्याच्या वळण्याचा. पुढें-मागें होणारें वांकणें चांगलें मोजलें जातें. लांबीभोंवतीं वळणें मात्र मण्याच्या जागेवर फार अवलंबून असतें.

कोनांच्या पलीकडे आणखी एक पायरी आहे. जमिनींत बसविलेला एक पाट पावलाचा जोर मोजतो. तो जोर, खंडांची गति आणि खंडांचीं वजनें यांवरून प्रत्येक सांध्यावर किती ताण येतो तें काढतात. परंतु जिवंत मनुष्याची मांडी वेगळी काढून तोलावयाची कशी? येथें मृतांची साक्ष घ्यावी लागते. ब्राउने व फिशर यांनीं गोठविलेल्या मृतदेहांवरून खंडांचीं वजनें व गुरुत्वमध्य काढले होते. पुढें विल्फ्रिड डेम्प्स्टर यांनीं १९५५ सालीं आठ मृतदेहांवरून जें कोष्टक प्रसिद्ध केलें, तें आजहि पुष्कळ वापरांत आहे. त्यावरून काढलेल्या प्रमाणांनुसार मांडी शरीराच्या वजनाच्या शेंकडा १०, नडगीचा खंड शेंकडा ४.६५ आणि पाऊल शेंकडा १.४५. म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्याची मांडी ६ किलो, नडगी सुमारें २.८ किलो आणि पाऊल सुमारें ०.९ किलो. ते आठहि मृतदेह अमेरिकेतील पुरुषांचे, आणि तेहि उतारवयाचे. मुंबईच्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला तेंच कोष्टक लाविलें, तर आपण तिच्या पायाला दूरदेशींच्या वृद्धाचें माप घातलें असें होईल.

तथापि, येथें घाबरण्याचें तितकें कारण नाहीं. पाय जमिनीवर असतांना जमिनीचा जोर इतका मोठा असतो कीं, त्यापुढें खंडाच्या वजनांतील थोडी चूक फारशी जाणवत नाहीं. जाणवते ती सांध्याच्या जागेची चूक. ताजव्याच्या दांडीचें टेंकण दोन सेंटिमीटर बाजूस सरकविलें, तर मापें खरीं असूनहि तोल खोटा पडतो. सांध्याचा मध्य हें तसें टेंकणच आहे. फिरून फिरून गोष्ट येते ती तेथेंच: हाड कोठें आहे?

म्हणून जाणते तपासनीस अनेक तऱ्हेनें स्वतःचीच झडती घेतात. मणी लावण्यापूर्वीं ते सावकाश हाड चांचपतात, लेखणीनें खूण करतात, आणि मगच चिकटवितात. चालविण्याआधीं मनुष्यास स्वस्थ उभा करून एक मोजणी घेतात, आणि गणिती सांगाड्यांतील मापें प्रत्यक्ष मापांशीं ताडून पाहतात. गुडघा बाजूला वांकल्याचा आलेख ते विशेष काळजीनें पाहतात. पाय हवेंत असतांना तो आलेख गुडघ्याच्या वांकण्याबरोबर चढूं-उतरूं लागला, कीं ते म्हणतात, दोष गुडघ्याचा नसावा; आपल्या मण्याचा असावा. मग मणी काढून पुन्हां लावतात. आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या आलेखावर घ्यावयाचा नसतो. हातानें केलेली तपासणी आणि हाडांचीं क्ष-किरणचित्रें यांच्याशीं आलेख जुळला पाहिजे. जुळला नाहीं, तर कोणी तरी चुकलें आहे, आणि हाड कापण्यापूर्वीं तें शोधलें पाहिजे.

अलीकडे मण्यांशिवाय, नुसत्या चलच्चित्रांवरून संगणकानें सांधे ओळखावयाचे, अशा पद्धति निघाल्या आहेत. अंगाला कांहीं चिकटवावें लागत नाहीं, हा त्यांचा मोठा गुण. लहान मुलांना तर तो वरदानच वाटेल. पण संगणकाला सांधा कोठें असतो हें शिकविलें कोणीं? हजारों चित्रांवर मनुष्यांनींच सांध्यांच्या खुणा केल्या, आणि त्यांवरून तो शिकला. कातडीवरची खूण चित्रावर गेली, एवढेंच. हाड पूर्वींप्रमाणें आंतच राहिलें.

श्रोतेहो, उद्यां आपणांपैकीं कोणावर आपल्या मुलाची चाल अशी मोजून घेण्याचा प्रसंग आला, तर तेथील कॅमेरे किती व कोणते हें विचारूं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु मणी कोण लावतो, तो किती दिवस हें काम करीत आहे, आणि त्याला आपल्याच मोजणीची शंका आली तर तो मणी काढून पुन्हां लावतो कीं नाहीं, हेंहि अवश्य विचारावें. मुलाच्या गुडघ्यावर बोट ठेवून, डोळे किंचित् मिटून, हाडाचा उंचवटा शोधण्यांत तो दोन मिनिटें अधिक घालवील, तर आपण कंटाळूं नये. दालनांतील सर्व यंत्रें त्याच्या त्या बोटाचीच वाट पाहत असतात.